चित्रपट-परामर्श : चित्रगुप्तावांचून यमसभा

कायदा आपल्या हातीं घेऊन दुष्टांचें पारिपत्य करणारा नायक हा कांहीं आजचा नव्हे. परंतु सुमारें तीस वर्षांपूर्वीं तमिळ चित्रपटांनीं त्याला जें नवें रूप दिलें तें स्वतंत्र विचाराला योग्य आहे. हा नायक दिवसा साधा, पापभीरु, चारचौघांत उठून न दिसणारा गृहस्थ असतो. रात्र पडली कीं पोलीस, न्यायाधीश आणि जल्लाद हीं तिन्ही कामें तो एकटाच उरकतो. त्याच्या या उद्योगावर कोट्यवधि रुपये खर्च होतात, मधूनमधून परदेशांतील फुलांच्या मळ्यांत गाणीं होतात, आणि तीन तासांच्या अखेरीस आपण एखाद्या लांचखाऊ अधिकाऱ्याच्या मृत्यूवर टाळ्या पिटून घरीं येतों. या चित्रपटांच्या हिंदी आवृत्त्या आतां घरोघर पोंचल्या आहेत. तेव्हां आमच्या वाचकांच्या कुटुंबांतही त्यांवरून दोन तट पडले असतील अशी आमची खात्री आहे. वडील मंडळी म्हणतात, हा निवळ रक्तपात. तरुण मंडळी म्हणतात, काय तें तंत्र! आमच्या मतें दोघेही बोलणें फार लौकर थांबवितात. रक्तपात कोणत्या अपराधासाठीं, आणि तंत्र कशावर पांघरूण घालण्यासाठीं, हें पाहिल्यावांचून या चित्रपटांचा विचार पुरा होत नाहीं.

या संप्रदायाचे प्रमुख दिग्दर्शक म्हणजे शंकर. कुंभकोणम् येथें १९६३ सालीं जन्मलेल्या या गृहस्थांनीं यंत्रविद्येची पदविका घेतली, व पुढें एस. ए. चंद्रशेखर या दिग्दर्शकांच्या हाताखालीं उमेदवारी केली. ही गुरुपरंपरा लक्षांत ठेवण्यासारखी आहे. चंद्रशेखर यांच्या १९८१ सालच्या 'सट्टम् ओरु इरुट्टरै' या चित्राच्या नांवाचाच अर्थ 'कायदा म्हणजे एक अंधारी खोली' असा आहे. आणि त्याच्या हिंदी रूपांतरांतून, म्हणजे १९८३ च्या 'अंधा कानून'मधून, रजनीकांत हे मूळचे शिवाजीराव गायकवाड प्रथम हिंदी पडद्यावर आले. तेव्हां कायदा आंधळा असल्याची तक्रार शंकर यांना वारशानेंच मिळाली. त्यांनीं तींत स्वतःची भर घातली ती पैशाची आणि तपशिलाची. पैशाची भर सर्वांना दिसते. तपशिलाची फारशी कोणी बोलून दाखवीत नाहीं, आणि आमच्या दृष्टीनें तीच अधिक महत्त्वाची आहे.

१९९३ सालचा त्यांचा पहिला चित्रपट 'जेंटलमन' घ्या. त्यांतील नायक किच्चा हा चेन्नईंत (त्या वेळचें मद्रास) एका ब्राह्मण कुटुंबाच्या आश्रयानें राहून पापडांचा, तिकडील भाषेंत 'अप्पळम्'चा, धंदा चालवितो. आणि तोच रात्रीं मोठमोठे दरोडे घालतो. पापड लाटणाऱ्या हातांवर संशय कोण घेणार? हें एक लहानसें गृहकृत्य लेखकानें असें कांहीं वापरलें आहे कीं पुढचे सारे दरोडे आपण घरच्या माणसाचे म्हणून पाहतों. दरोड्यांच्या मुळाशीं आहे तो वैद्यकीय महाविद्यालयांतील प्रवेशाचा बाजार. हुशार विद्यार्थ्याला केवळ पैसा नाहीं म्हणून दार बंद होतें, ही गोष्ट त्या दिवसांत कल्पनेची मुळींच नव्हती. आपल्या महाराष्ट्रांत देणगीवजा शुल्कास बंदी करणारा कायदा १९८७ सालींच करावा लागला होता, आणि 'जेंटलमन' आला त्याच १९९३ सालीं सर्वोच्च न्यायालयानें उन्नीकृष्णन् खटल्यांत याच विषयावर निकाल दिला. ज्या घरांत मुलाच्या गुणांची बेरीज रात्र-रात्र चालते त्या प्रत्येक घराला हें चित्र आपलें वाटलें, त्यांत नवल तें काय!

यानंतर या चित्रांना एक असा लेखक मिळाला कीं ज्याच्यावांचून पुढची गोष्ट सांगतांच येत नाहीं. 'सुजाता' हें त्यांचें टोपणनांव. तें त्यांनीं आपल्या पत्नीवरून घेतलें होतें. खरें नांव एस. रंगराजन्. जन्म १९३५ सालीं चेन्नईच्या तिरुवल्लिक्केणी भागांत, बालपण श्रीरंगम् येथें आजीपाशीं, आणि पेशा विद्युत्-अभियंत्याचा. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्यें असतांना मतदान-यंत्राच्या निर्मितींत त्यांचा मोठा वांटा होता. अशा मनुष्यानें 'इंडियन', 'मुदल्वन्', 'अन्नियन्' व 'शिवाजी' या चित्रांचे संवाद लिहिले. यंत्राचा एखादा भाग कां निकामी झाला याचा शोध जसा मागें-मागें जाऊन घ्यावा, तशी सुजातांच्या लेखनांत अपराधाची सांखळी कडी-कडीनें उलगडत जाते. खलपुरुष त्यांच्या चित्रांत क्वचितच नुसता राक्षस असतो. बहुधा तो एक सही न करणारा, एक तार न जोडणारा, एक गाडी न थांबविणारा मनुष्य असतो. त्यांचे संवादही त्यामुळें आंखूड व नेमके असतात. पल्लेदार वाक्यांचा सोस त्यांत नाहीं.

१९९६ च्या 'इंडियन'मध्यें (हिंदींत 'हिंदुस्तानी') ही सांखळी सर्वांत क्रूर ठिकाणीं येऊन थांबते. सेनापति हा सुभाषबाबूंच्या आझाद हिंद सेनेंतील वृद्ध सैनिक. जळून अत्यवस्थ झालेली मुलगी पैसे चारल्यावांचून हात न लावणाऱ्या डॉक्टरामुळें त्यानें गमावलेली आहे. तो एकेका लांचखाऊ अधिकाऱ्याला मारीत सुटतो. त्याचा मुलगा चंद्रु हा मोटार-वाहन खात्यांत आहे, आणि ज्या बसचे ब्रेक सदोष आहेत तिला तो पैसे घेऊन दाखला देतो; ती बस शाळेच्या मुलांना घेऊन कोसळते. आतां बापानें काय करावें? येथें कित्येक लेखकांनीं मुलाला पश्चात्ताप करावयास लावून प्रेक्षकांना घरीं पाठविलें असतें. सुजाता व शंकर तसें करीत नाहींत. बाप मुलाला मारतो. घरांतील बायकांच्या विनवण्या निष्फळ ठरतात, आणि प्रेक्षकांपैकीं ज्यांनीं मघांशीं डॉक्टराच्या मरणावर टाळ्या दिल्या त्यांचे हात आतां मांडीवरच राहतात. कायदा हातीं घेण्याचा हिशेब अखेर घराच्या उंबरठ्याआंत येतो हें एवढ्या उघडपणें त्या चित्रांनीं पुढें फारसें दाखविलें नाहीं.

बाप आणि मुलगा या दोन्ही भूमिका कमल हासन यांनींच केल्या. म्हाताऱ्याच्या रूपासाठीं मायकेल वेस्टमोर व मायकेल जोन्स या परदेशी रंगभूषाकारांचें साहाय्य घेतलें होतें. चेहऱ्याचा सांचा घेऊन त्यावरून सुरकुत्यांचे पातळ तुकडे तयार करावयाचे, ते एक-एक करून चेहऱ्यावर चिकटवावयाचे, आणि कडा दिसूं नयेत अशा बेतानें रंगवावयाचे, असें हें तासन्‌तास चालणारें काम असतें. त्यांत नटाचें खरें कसब असें कीं त्या मुखवट्याखालून डोळे व मान बोलत राहिली पाहिजे. कमल हासन यांना त्या वर्षाचें उत्कृष्ट नटाचें राष्ट्रीय पारितोषिक मिळालें तें याचसाठीं, असें म्हणण्यास हरकत नाहीं. कलादिग्दर्शनाबद्दल तोटा तरणि यांना व चमत्कृतिदृश्यांबद्दल एस. टी. वेंकी यांनाही त्याच चित्रासाठीं राष्ट्रीय पारितोषिकें मिळालीं. जुन्या कृष्णधवल फितींत सुभाषबाबूंच्या शेजारीं तरुण सेनापति उभा केलेला आहे, तें दृश्य या खटाटोपाचा उत्तम नमुना आहे. जुन्या फितीचा दाणा, तिच्यांतील ओरखडे, प्रकाश येण्याची बाजू, एवढें सारें नव्या छायालेखनाशीं जुळवावें लागतें. एक सांवली चुकली तरी डोळा फसत नाहीं. येथें तंत्र कथेची सेवा करतें. तो मनुष्य खरोखरीच तेथें उभा होता असें वाटल्यावांचून पुढें त्याच्या हातांतील कट्यारीला अधिकार येत नाहीं.

'मुदल्वन्' (१९९९) विषयीं थोडक्यांत सांगतों, कारण त्याचें हिंदी रूप 'नायक' (२००१) आमच्या बहुतेक वाचकांनीं पाहिलेंच असेल, आणि त्यांत गोष्ट महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांवर आणून ठेविली आहे. नायकाचें नांवही शिवाजीराव गायकवाड. तें कोणाचें मूळ नांव हें वर आलेंच आहे! पत्रकारानें एक दिवस मुख्यमंत्री व्हावें ही कल्पना पोरकट वाटते खरी. पण आपल्या राज्यघटनेच्या १६४ व्या अनुच्छेदाप्रमाणें विधिमंडळाचा सभासद नसलेला मनुष्यही सहा महिन्यांपर्यंत मंत्री राहूं शकतो, तेव्हां त्या पोरकटपणाला एक कायदेशीर पाय आहे. त्या चित्रांतील सर्वांत रोमहर्षक प्रसंग हाणामारीचा नाहींच. दोन माणसें दोन खुर्च्यांवर बसून प्रश्नोत्तरें करतात एवढाच तो आहे. मुख्यमंत्र्याचें प्रत्येक उत्तर क्षणभर पटतें, आणि पुढच्या प्रश्नाबरोबर एक कागद निघून तें कोसळतें. एवढ्या प्रसंगाला खर्च तो किती आला असेल? दोन खुर्च्या आणि एक चांगला लेखक!

आतां 'अन्नियन्'. २००५ सालच्या या चित्रावर २५ कोटींहून अधिक खर्च झाल्याचें त्या वेळीं प्रसिद्ध झालें होतें. हिंदींत तो 'अपरिचित' या नांवानें ठाऊक आहे, आणि आमच्या वाचकांशीं त्याचें नातें इतर कोणत्याही चित्राहून जवळचें आहे. कारण त्याचा नायक आपल्यांतलाच. तिरुवल्लिक्केणीच्या अय्यंगार घरांतील हा तरुण वकील. घरांत त्याला 'अंबी' म्हणतात. तमिळ ब्राह्मणांच्या घरीं मुलाला लाडानें हांक मारण्याची ही रीत. शेंडी, नाम, नियम आणि तक्रारअर्ज यांत त्याचें आयुष्य चाललें आहे. रस्त्यावर थुंकणाऱ्याला तो हटकतो, तांबड्या दिव्याला थांबतो, ग्राहकांच्या बाजूनें खटले लढतो व हरतो. सारा गांव त्याला हंसतो. याच देहांत आणखी दोन मनुष्यें राहतात. ज्या मुलीनें नकार दिला तिला जिंकण्यासाठीं निर्माण झालेला छानछोकी रेमो हा एक, आणि 'अन्नियन्', म्हणजे परका, हा दुसरा. विक्रम या नटानें तिन्ही रूपें केलीं आहेत.

हा परका मनुष्य दंड कोणत्या संहितेनें देतो? गरुडपुराणानें! आपल्या घरीं हें पुराण कोणत्या दिवसांत काढतात हें सांगावयास नको. मनुष्य गेल्यानंतरच्या दहा दिवसांत, दिव्यापाशीं बसून, गुरुजी तें वाचतात. ऐकणाऱ्यांचें निम्में लक्ष शब्दांकडे व निम्में गेलेल्या माणसाकडे असतें. सुजातांनीं तें शोकाच्या खोलींतून उचललें आणि फौजदारी कायद्याच्या जागीं ठेविलें, ही कल्पना लेखक म्हणून असामान्य आहे हें कबूल केलेंच पाहिजे. अपघातांत सांपडलेल्याला आपल्या मोटारींत न घेणारा गृहस्थ अंधकूपाचा धनी होतो व म्हशींच्या कळपाखालीं तुडविला जातो. आगगाडींत घाणेरडें जेवण पुरविणारा ठेकेदार कुंभीपाकांत, म्हणजे उकळत्या तेलांत पडतो. कमअस्सल ब्रेक विकणारा कारखानदार कृमिभोजनाला, म्हणजे जळवांना मिळतो.

आम्हीं सहज भागवताचा पांचवा स्कंध काढून पाहिला, कारण तेथें सव्विसाव्या अध्यायांत अठ्ठावीस नरकांची यादी अधिक विस्तारानें आहे. तेथें अंधकूप आहे तो क्षुद्र जीवांना जाणूनबुजून पीडा देणाऱ्यासाठीं. ज्या-ज्या पशुपक्ष्यांना व कीटकांना त्यानें छळलें तेच तेथें त्याच्यावर तुटून पडतात. म्हशींचा कळप त्या कल्पनेंत बरोबर बसतो, आणि म्हैस यमाच्या वाहनाच्याच जातीची, हें आणखी. कुंभीपाक जिवंत पशुपक्षी शिजवून खाणाऱ्या निर्दयासाठीं, आणि कृमिभोजन पंचमहायज्ञ न करतां, कोणाला वांटा न देतां एकट्यानें जेवणाऱ्यासाठीं. मोटारीचे ब्रेक त्यांत कोठून येणार! पण वांट्याचा विचार न करतां एकट्यानें खाणें म्हणजेच नफेबाजी, असा अर्थ लेखकानें काढला असेल तर तो अगदींच ओढून-ताणून आणलेला नाहीं. स्वयंपाकाच्या अपराधाला तळणाची शिक्षा, हा मेळ तर मूळ ग्रंथकाराच्याच बुद्धीचा आहे.

एक गोष्ट मात्र चित्रपटानें पुराणांतून घेतली नाहीं, आणि ती फार मोठी आहे. गरुडपुराणांतील यमसभेंत शिक्षा होण्यापूर्वीं हिशेब होतो. चित्रगुप्त वही उघडतो. तोही आपल्याच माहितीवर विसंबत नाहीं, श्रवण नांवाच्या देवदूतांना विचारतो. शिवाय सूर्य, चंद्र, अग्नि, वायु, दिवस, रात्र, दोन्ही संध्या हे साक्षीला असतात. प्रत्यक्ष यमधर्माला साक्षीदार लागतात! अंबी हा तर व्यवसायानें वकील. पण त्याच्यांतला परका मनुष्य कोणाची साक्ष काढीत नाहीं. त्याच्या यमसभेंत चित्रगुप्ताची जागा रिकामीच आहे.

हें आम्ही शब्दच्छल म्हणून म्हणत नाहीं. पहिल्या बळीचाच विचार करा. रस्त्यांत रक्तबंबाळ मनुष्य पडला आहे आणि मोटारवाला थांबत नाहीं. हा मोटारवाला कोण? तो चोर नाहीं, लांचखाऊ नाहीं. तो तुम्ही-आम्ही आहों. आसन खराब होईल म्हणून न थांबणारे निर्दय लोक असतीलही. पण कित्येकजण थांबत नसत त्याचें कारण दुसरें होतें. जखमीला रुग्णालयांत नेणाऱ्यालाच तेथें अडकवून ठेवीत, पैसे भरावयास लावीत, पोलीस जबाबासाठीं पुन्हां-पुन्हां बोलावीत, आणि पुढें कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागत. 'अन्नियन्' आल्यानंतर अकरा वर्षांनीं, २०१६ च्या मार्चमध्यें, सर्वोच्च न्यायालयानें अशा मदतनिसांच्या संरक्षणाचे नियम बंधनकारक केले, आणि २०१९ सालीं मोटार-वाहन कायद्यांत १३४-अ हें कलम त्यासाठींच घालण्यांत आलें. म्हणजे ज्या अपराधासाठीं म्हशींचा कळप धांवला त्याचा निम्मा उगम पोलीसचौकींत व रुग्णालयाच्या खिडकींत होता. तिकडे अन्नियन् गेला नाहीं. यंत्राचा दोष मागें-मागें जाऊन शोधणारा लेखक येथें एक कडी आधींच थांबला, ही आमची या चित्राविरुद्धची मुख्य तक्रार आहे.

तक्रार विशेष अशासाठीं कीं इतरत्र त्यांनीं ती सांखळी पुरी केली आहे. अंबीच्या धाकट्या बहिणीचा मृत्यु पाहा. पाऊस पडून गेला आहे, रस्त्यावर पाणी सांचलें आहे, विजेची तार तुटून त्यांत पडली आहे, तक्रार झाली आहे, आणि तारमास्तर कर्तव्य सोडून दारू पीत बसला आहे. चिमुकली मुलगी त्या पाण्यांत पाय टाकते. यांत कोणीही तिला मारावयास निघाला नव्हता. पांच गोष्टी पांच ठिकाणीं थोड्या-थोड्या चुकल्या, आणि एक पोर गेली. पावसाळ्यांत दर वर्षीं आपणही अशी बातमी वाचतों. त्या दृश्यांत म्हशी नाहींत, तेल नाहीं. आणि आमच्या घरच्या एक वृद्ध आत्याबाई, ज्या बाकीच्या चित्रभर जपमाळ ओढीत बसल्या होत्या, त्यांनीं तेवढ्या वेळीं माळ खालीं ठेविली.

त्याच चित्रांत पांच पैशांच्या चोरीचा एक हिशेब आहे. पांच पैसे चोरले तर अपराध मोठा कां? नाहीं. पांच कोटि लोकांनीं पांच-पांच पैसे, पांच-पांच कोटि वेळां चोरले तर? आम्हीं पाटीवर गुणाकार करून पाहिला. रक्कम सव्वा कोटि कोटि रुपये, म्हणजे १२५ लक्ष कोटि होते. हा शुद्ध अभियंत्याचा संवाद आहे. सुजातांच्या साऱ्या लेखनाची किल्ली त्यांत आहे: अपराध लहान, त्याची संख्या अफाट. पण मग शिक्षा संख्येला व्हावयास पाहिजे, ती एकट्या मनुष्याला होते. लहान अपराध आणि भयंकर शिक्षा यांमध्यें जी दरी पडते ती भरण्यासाठींच एवढें तंत्र लागतें, असें आमचें मत झालें आहे.

तें तंत्र उत्तम आहे यांत शंका नाहीं. युद्धकलेच्या शाळेंतील मारामारीचा प्रसंग पीटर हेन यांनीं बसविला आहे. त्यांत मनुष्य उडी मारून हवेंतच गोठतो आणि आपण जणूं त्याच्याभोंवतीं प्रदक्षिणा घालतों. याची युक्ति अशी: नटाभोंवतीं कमानीसारखे पुष्कळ कॅमेरे ओळीनें मांडतात, सर्वांनीं एकाच क्षणीं, किंवा केसभर अंतरानें, एकेक चित्र घ्यावयाचें, मग तीं चित्रें एकामागून एक दाखविलीं कीं काळ थांबला व पाहणारा फिरला असा भास होतो. १९९९ सालच्या 'मॅट्रिक्स' या अमेरिकन चित्रानें ही युक्ति जगभर गाजविली. 'अन्नियन्'ला चमत्कृतिदृश्यांचें राष्ट्रीय पारितोषिकही मिळालें. साबू सिरिल यांनीं एका गाण्यासाठीं तेन्काशीकडील खेड्यांतल्या भिंती, रस्ते व मालमोटारी रंगवून काढल्या. हॅरिस जयराज यांचें संगीत त्यावर. आमच्याकडील कीर्तनकार उत्तररंगांत आख्यान ऐन भरांत आलें असतां मध्येंच एखादें सोपें भजन घालून श्रोत्यांना श्वास घेऊं देतो, तीच या गाण्यांची जागा. फरक एवढाच कीं कीर्तनकाराचें भजन आख्यानाशीं बांधलेलें असतें, आणि येथील कित्येक गाणीं काढून दुसऱ्या चित्रांत बसविलीं तरी कोणाला पत्ता लागूं नये. याला अपवाद तिरुवैयारू येथील त्यागराज-आराधनेचा प्रसंग. ज्या तंजावरावर आपल्या भोसल्यांनीं राज्य केलें त्याच्या लगतचें हें क्षेत्र. तिकडे निघालेल्या सोंवळ्या मंडळींच्या पुढ्यांत आगगाडींतलें तें जेवण यावें, या योजनेंत गाणें, विनोद व संताप एकाच डब्यांत बसले आहेत.

परंतु चित्राचा खरा कळस कॅमेऱ्यांच्या कमानींत नाहीं, तो पोलीस-कोठडींत आहे. प्रकाश राज यांचा पोलीस-अधिकारी अंबीला खुर्चीला जखडून मारतो, आणि बोलतां-बोलतां अंबीचा अन्नियन् होतो, अन्नियन्‌चा पुन्हां अंबी. रडका, अडखळणारा आवाज एका श्वासांत खर्जांत उतरतो. केस चेहऱ्यावर येतात, मान वळते, डोळ्यांतली भीति पलीकडच्या माणसाच्या डोळ्यांत जाते. पडद्यावर दोन माणसें, एक खुर्ची. 'मुदल्वन्'मधील दोन खुर्च्यांची आठवण व्हावी असाच हा प्रसंग. जेथें खर्च कमी तेथें हीं चित्रें सर्वांत श्रीमंत दिसतात, असें आम्हांस पुन्हां-पुन्हां वाटलें.

शेवटही विचार करण्यासारखा आहे. खटला होतो, अंबीला वेड्यांच्या इस्पितळांत ठेवितात, तो बरा होऊन सुटतो, लग्न करतो. पुढें आगगाडींत त्याला तोच दारुडा तारमास्तर दिसतो. आतां कोणी परका मनुष्य अंगांत येत नाहीं. केस विस्कटत नाहींत, आवाज बदलत नाहीं. सभ्य अंबी स्वतःच त्याला धांवत्या गाडींतून फेंकून देतो. कित्येक जण या शेवटावर टाळ्या वाजवितात. आम्हांस तो लेखकाचा सर्वांत भयंकर आणि सर्वांत प्रामाणिक प्रसंग वाटतो. रोग गेला नाहीं. तो फक्त पोशाख करून नीट भांग पाडून बसला.

सुजाता २००८ च्या फेब्रुवारींत निवर्तले. पुढें शंकर यांनीं २०२४ सालीं 'इंडियन'चा दुसरा भाग काढला. संवादांस जयमोहन्‌सारखे नांवाजलेले साहित्यिक होते, कमल हासन होते, खर्च तर विचारूंच नका. चित्र तीन तासांचें झालें, आणि त्यावर बहुतेक टीकाकारांनीं ताशेरेच ओढले. प्रदर्शनानंतर त्यांतील कांहीं मिनिटें कापून टाकण्याची वेळ आली. सेनापतीचें वय आतां शंभरांच्या पलीकडे जातें. तरी तो अंगुळीच्या मर्मस्पर्शानें माणसें लोळवितो. पण त्या चित्रांत एक बीज खरें होतें. सेनापति तरुणांना सांगतो कीं प्रथम आपापल्या घरांतील लांचखाऊ उघडे करा, आणि मुलें आपल्याच बापांविरुद्ध तक्रारी नेतात. घरें मोडतात, माणसें मरतात, आणि तींच मुलें सेनापतीवर उलटतात. पहिल्या भागांत जें बापानें मुलाशीं केलें तें येथें मुलगा बापाशीं करतो. चार पिढ्या एका छपराखालीं नांदणाऱ्या आमच्यासारख्यांच्या अंगावर शहारे यावेत असा हा विषय. पण तो स्थिरपणें पाहण्याऐवजीं कॅमेरा पुढच्या देखाव्याकडे धांवत सुटतो. एका जेवणाच्या पंक्तींत बाप व मुलगा समोरासमोर बसवून पांच मिनिटें कॅमेरा हलविला नसता, तर? हें काम दोन खुर्च्या जाणणाऱ्या लेखकाचें होतें.

ज्यांस ही चित्रें पाहावयाचीं असतील त्यांनीं 'इंडियन' (१९९६) व 'अन्नियन्' हीं दोन आधीं पाहावींत. 'अन्नियन्'मधील जळवांचा व तेलाचा प्रसंग लहान मुलांना दाखविण्यासारखा नाहीं. शक्य असेल त्यानें हिंदी आवृत्तीऐवजीं मूळ तमिळ चित्र, खालीं अक्षरें असलेलें, पाहावें. त्याचें कारण भाषेंत आहे. मुळांत अंबी तमिळ ब्राह्मणांची घरगुती बोली बोलतो, जींत घराला 'आत्तु' म्हणतात. रेमोची भाषा इंग्रजी-मिश्रित व छचोर. आणि अन्नियन्‌ची कोणत्याही जातीची वा गल्लीची खूण नसलेली, जड, सपाट तमिळ. अक्षर न समजणाऱ्यालाही तीन मनुष्यें कानानेंच ओळखूं येतात. हिंदींत ते तिघे एकाच शाळेंत शिकलेले वाटतात.